एंकहाउझेन

एंकहाउझेन हे नेदरलँड्सच्या नूर्द-हॉलंड प्रांतातील एक ऐतिहासिक बंदर-शहर आहे. ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या ईशान्येस, वेस्ट-फ्रिसलँड या भूभागाच्या पूर्व टोकावर वसलेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी हे डच प्रजासत्ताकातील महत्त्वाच्या बंदरांपैकी एक होते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक शाखा येथे होती. १६२२ साली शहराची लोकसंख्या सुमारे बावीस हजार होती. आज ती एकोणीस हजारांच्या आसपास, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीपेक्षा कमी आहे. वैभव ओसरल्यानंतर या शहराला जुनी घरे पाडून नवी उभारण्याचे कारणही उरले नाही आणि ऐपतही उरली नाही. त्यामुळेच सतराव्या शतकातील डच बंदराची रचना येथे बऱ्याच अंशी मूळ रूपात पाहावयास मिळते. ती एका दिवसात पायी पाहून होते.

गोव्याच्या इतिहासाशी या शहराचा थेट संबंध आहे. सोळाव्या शतकातील गोव्याचे सविस्तर वर्णन करणारा यान ह्यूखेन फान लिन्सखोटेन हा प्रवासी येथे वाढला, परत आल्यावर येथेच राहिला आणि येथेच मरण पावला.

स्थान

शहराच्या तीन बाजूंना पाणी आहे. पूर्वी हे पाणी झाउडरझे या खाऱ्या उपसागराचे होते. उत्तर समुद्राचे पाणी या उपसागरात शिरत असे आणि त्याच वाटेने जहाजे बाहेर पडत. १९३२ साली उपसागराच्या मुखावर बांध घातला गेला. तेव्हापासून येथे आयसलमेर हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. १९७५ साली एंकहाउझेन ते लेलिस्टाड असा दुसरा बांध पूर्ण झाला आणि त्याने सरोवराचे दोन भाग केले. उत्तरेकडील भागास आयसलमेर व दक्षिणेकडील भागास मार्करमेर असे म्हणतात.

इतिहास

हेरिंगचे शहर

एंकहाउझेनला नगराचे अधिकार चौदाव्या शतकाच्या मध्यात मिळाले. शहराच्या मानचिन्हावर तीन हेरिंग मासे आहेत आणि आरंभीच्या समृद्धीचा उगम त्यांतच आहे. हेरिंग हा उत्तर समुद्रातील चरबीयुक्त मासा असून तो लवकर नासतो. डच कोळी तो जहाजावरच साफ करीत आणि मीठ लावून पिंपांत भरीत. त्यामुळे मासेमारीची जहाजे अनेक आठवडे समुद्रावर राहू शकत आणि खारवलेला मासा दूरच्या बाजारपेठांत पाठवता येई. या एका धंद्याभोवती पिंपे करणारे, जाळी विणणारे, दोर वळणारे, मिठाचे व्यापारी आणि जहाजबांधणी करणारे सुतार अशी वस्ती वाढत गेली. पुढे लांब पल्ल्याच्या सफरींना लागणारे खलाशी आणि कारागीर याच वस्तीतून मिळाले.

स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध डचांनी जो दीर्घ लढा दिला, त्यात एंकहाउझेनने फार लवकर बाजू बदलली. २१ मे १५७२ रोजी शहराने ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याचा पक्ष स्वीकारला. त्या शतकाच्या अखेरीस शहराचा विस्तार करून नवी तटबंदी उभारण्यात आली. शहर आणखी वाढेल या अपेक्षेने तटाच्या आत भरपूर मोकळी जमीन ठेवली गेली.

नकाशे, ग्रंथ आणि गोव्याचा मार्ग

सोळाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत एंकहाउझेन हे सागरी ज्ञानाचे केंद्र बनले. त्यास प्रामुख्याने तीन व्यक्ती कारणीभूत होत्या.

पहिली व्यक्ती लुकास यान्सझोन वाखेनार हा नौचालक. त्याचा 'स्पीखेल डेर झेफार्ट' (सागरप्रवासाचा आरसा) हा ग्रंथ १५८४ साली प्रसिद्ध झाला. किनाऱ्यांचे नकाशे आणि नौचालनाच्या सूचना एकत्र देणारा हा छापील सागरी नकाशासंग्रह इतका लोकप्रिय झाला, की इंग्रज खलाशी अशा कोणत्याही संग्रहास त्याच्याच नावावरून 'वॅगनर' म्हणू लागले.

दुसरी व्यक्ती बेर्नार्डुस पालुडानुस (१५५०–१६३३) हा शहराचा वैद्य. देशोदेशींची बीजे, शिंपले, खनिजे, प्राणी व हस्तकलेच्या वस्तू यांचा त्याने केलेला संग्रह युरोपभर नावाजला गेला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १६५१ साली, हा संग्रह होल्श्टाइन-गॉटॉर्पच्या ड्यूकने विकत घेतला. पुढे त्याचा काही भाग कोपनहेगन येथे गेला.

तिसरी व्यक्ती यान ह्यूखेन फान लिन्सखोटेन (१५६३–१६११). त्याचा जन्म हार्लेम येथे झाला. मात्र लहानपणीच त्याचे कुटुंब एंकहाउझेनला आले. तरुणपणी तो स्पेन व पोर्तुगाल येथे गेला आणि गोव्याचा आर्चबिशप विसेंती दा फोन्सेका याच्या पदरी त्याने नोकरी मिळवली. सप्टेंबर १५८३ मध्ये तो गोव्यात पोहोचला व सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. आर्चबिशपच्या कचेरीत असल्यामुळे व्यापारी, पाद्री, अधिकारी आणि खलाशी यांच्याशी त्याचा नित्य संबंध येई. पोर्तुगीज आपले सागरी मार्ग, वाऱ्यांचे हंगाम व बंदरांची माहिती परकीयांपासून जपून ठेवत. लिन्सखोटेनने ती टिपून घेतली. आर्चबिशप पोर्तुगालला जाताना वाटेत मरण पावल्याचे वृत्त आल्यावर त्याने परतीचा मार्ग धरला. अझोर्स बेटांवर दोन वर्षे अडकून पडल्यानंतर १५९२ साली तो एंकहाउझेनला परतला.

त्याच्या लेखनाचा नौचालनविषयक भाग १५९५ साली व मुख्य ग्रंथ 'इतिनेरारियो' १५९६ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. ग्रंथातील वनस्पती व मसाल्यांविषयीच्या भागांना पालुडानुसने टिपा जोडल्या आहेत. जुन्या गोव्यातील हमरस्त्यावर भरणारा रोजचा लिलाव, तेथे विकले जाणारे घोडे, कापड आणि गुलाम, वाणी व ब्राह्मण यांचे व्यवहार, पालख्या, नाणी, वजने, आंबा, फणस, नारळ आणि विडा या साऱ्यांचे वर्णन या ग्रंथात येते. लोणच्यासाठी 'अचार' हा शब्दही त्यात आढळतो. पोर्तुगीजांनी गोव्यात कैद केलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांची हकिगतही लिन्सखोटेनने लिहून ठेवली आहे. त्या व्यापाऱ्यांना साहाय्य करणारे इंग्रज जेझुइट पाद्री म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स होत. पुढे १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून ते मराठी वाचकांस परिचित आहेत. ओवीबद्ध मराठी काव्याचा कर्ता आणि डच व्यापाराला वाट दाखवणाऱ्या ग्रंथाचा लेखक, हे दोघेही एकाच वेळी गोव्यात वास्तव्यास होते.

'इतिनेरारियो'ची इंग्रजी व जर्मन भाषांतरे १५९८ मध्येच निघाली. पोर्तुगीजांचा जोर असलेली मलाक्काची सामुद्रधुनी टाळून सुंदा सामुद्रधुनीमार्गे जावा बेटावर जावे, हा त्यातील सल्ला डचांना विशेष उपयोगी पडला. १५९५ साली निघालेल्या पहिल्या डच ताफ्याने लिन्सखोटेनच्या माहितीचा उपयोग केला होता.

ईस्ट इंडिया कंपनीची शाखा

२० मार्च १६०२ रोजी डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. अ‍ॅम्स्टरडॅम, मिडेलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझेन या सहा शहरांत तिच्या शाखा होत्या. जहाजबांधणी व व्यापारातील कामाचा सोळावा हिस्सा एंकहाउझेनकडे होता. अ‍ॅम्स्टरडॅमच्या निम्म्या हिश्श्यापुढे तो लहान दिसतो. तथापि एका मध्यम आकाराच्या शहराच्या दृष्टीने तो मोठा होता.

कंपनीच्या कारभाराची झळ पश्चिम किनाऱ्यालाही लागली. १६३७ साली डचांनी वेंगुर्ले येथे वखार उभारली. गोव्याच्या मुखाशी पोर्तुगीज जहाजे अडवून धरणाऱ्या डच ताफ्यांना या वखारीतून रसद आणि बातम्या मिळत. तिचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत.

या समृद्धीची किंमत इतरांनी मोजली. शेजारच्या होर्न शहरात जन्मलेला यान पीटर्सझोन कून याने गव्हर्नर-जनरल असताना १६२१ साली जायफळाच्या व्यापारावर मक्तेदारी मिळवण्यासाठी बांदा बेटांवर स्वारी केली. तेथील बहुसंख्य रहिवासी ठार झाले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. एंकहाउझेनच्या वखारींत साठवला जाणारा मसाला याच व्यवस्थेतून येत होता. त्यामुळे येथील देखण्या इमारतींचा इतिहास या घटनांपासून वेगळा काढता येत नाही.

ऱ्हास

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराला उतरती कळा लागली. व्यापार अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एकवटत गेला, इंग्लंडबरोबरच्या युद्धांत मासेमारीचे नुकसान झाले, हेरिंगचा धंदा घटला आणि बंदरात गाळ साचू लागला. कंपनी १७९९ साली संपुष्टात आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकसंख्या सुमारे पाच हजारांवर आली होती. ओस पडलेली घरे पाडली गेली आणि मोकळ्या जागी कुरणे व बागा आल्या. तटाच्या आत विस्तारासाठी राखलेली जमीन शेतकऱ्यांकडेच राहिली. त्या भागास आजही 'बूरेनहूक' म्हणजे 'शेतकऱ्यांचा कोपरा' असे म्हणतात.

१८८५ साली रेल्वे आली आणि लवकरच पलीकडच्या स्टाव्होरेन गावापर्यंत आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली. त्यामुळे काही काळ शहर पुन्हा गजबजले.

समुद्राचे सरोवर

जानेवारी १९१६ मध्ये झाउडरझेच्या किनाऱ्यावर मोठा पूर आला. त्यानंतर, १९१८ साली, उपसागर बंद करण्याचा कायदा झाला. अभियंता कॉर्नेलिस लेली याच्या योजनेनुसार बांधलेला आफस्लाउटडाइक हा बांध २८ मे १९३२ रोजी जुळला. पुराचे भय गेले आणि शेतीसाठी नवी जमीन मिळाली. मात्र पाणी गोडे झाल्याने अँकोव्ही व हेरिंग यांची मासेमारी संपली. ज्या गावांची उपजीविका केवळ समुद्रावर होती, त्यांना दुसरे उद्योग शोधावे लागले. बेटांचे बेटपणही संपले. उर्क हे बेट १९३९ साली बांधाने मुख्य भूमीस जोडले गेले, तर मार्केन १९५७ साली.

पायी फेरी

स्थानक ते ड्रोमेडारिस

रेल्वेमार्ग येथे बंदरालगत संपतो. अ‍ॅम्स्टरडॅमहून सुमारे एका तासात येथे येता येते. स्थानकाबाहेर पडताच शिडाच्या जुन्या जहाजांच्या डोलकाठ्या दिसू लागतात. यांपैकी अनेक जहाजे पूर्वी मालवाहतुकीची किंवा मासेमारीची होती. आता ती पर्यटकांना सफरीवर नेतात. धक्क्याच्या कडेने चालत गेल्यावर जुन्या बंदराच्या तोंडाशी ड्रोमेडारिस हा भक्कम बुरूज लागतो. १५४० साली बांधलेला हा बुरूज बंदरात येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवण्यासाठी होता. पुढे त्याचा उपयोग तुरुंग म्हणूनही झाला. आज तेथे सांस्कृतिक केंद्र आहे. मनोऱ्यातील घंटांचा संच सतराव्या शतकातील प्रख्यात ओतारी पीटर हेमोनी याने घडवलेला आहे.

डाइक ते झाउडरकेर्क

ड्रोमेडारिसपासून शहरात जाणाऱ्या रस्त्याचे नाव 'डाइक', म्हणजे बांध, असे आहे. प्रारंभी तो खरोखरच समुद्राला अडवणारा बांध होता. त्यावर घरे उभी राहिली. घरांच्या दर्शनी भिंतींवर कोरीव दगडी फलक आढळतात. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा ही चित्रेच घराची ओळख असत.

पुढे झाउडरकेर्क, म्हणजे दक्षिणेचे चर्च, लागते. हे पंधराव्या शतकातील असून त्याचा उंच मनोरा दुरून येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडे. चर्चच्या लाकडी छतावर १४८४ सालची बायबलमधील प्रसंगांची चित्रे आहेत. प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारल्यावर ती रंगाखाली झाकली गेली व नंतरच्या काळात पुन्हा उघडी करण्यात आली.

नगरगृह आणि तोलघर

ब्रेडस्ट्राट या रस्त्यावरील नगरगृह १६८६ ते १६८८ या काळात स्टेवन फेनेकूल या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार बांधले गेले. सपाट, प्रमाणबद्ध आणि अलंकार टाळणारी ही इमारत डच अभिजात शैलीचा उत्तम नमुना मानली जाते. ती उभी राहिली तेव्हा शहराची लोकसंख्या घटू लागली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जुन्या चीज बाजारातील तोलघर १५५९ सालचे आहे. बाजारात येणारे लोणी व चीज येथील सरकारी तराजूवर तोलूनच विकता येई. वरच्या मजल्यावर शल्यचिकित्सकांच्या संघाची खोली होती.

वीरडाइक, पेपरहाउस आणि झाउडरझे संग्रहालय

पूर्वेकडील जलतटावरचा रस्ता वीरडाइक या नावाने ओळखला जातो. 'वीर' म्हणजे समुद्री गवत. पूर्वी बांधांच्या बळकटीसाठी या गवताचे थर वापरीत. याच रस्त्यावर पेपरहाउस, म्हणजे 'मिऱ्यांचे घर', आहे. १६२५ साली एका व्यापाऱ्याने राहते घर आणि गोदाम म्हणून ते बांधले. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीची वखार बनले. आता ते झाउडरझे संग्रहालयाचा भाग आहे.

हे संग्रहालय १९४८ साली स्थापन झाले. उपसागर बंद झाल्यावर लोप पावणारे किनारी जीवन जतन करणे हा त्याचा उद्देश होता. १९८३ साली खुल्या आवारातील विभाग सुरू झाला. झाउडरझेच्या काठावरील निरनिराळ्या गावांतून आणलेली शंभराहून अधिक घरे, दुकाने आणि कर्मशाळा येथे पुन्हा उभारल्या आहेत. त्यांत आकरस्लोट येथील चुन्याच्या भट्ट्या, उर्कमधील कोळ्यांची घरे आणि डेन उव्हर येथील चर्च यांचा समावेश आहे. काही इमारती विटा न सुटवता, अखंड उचलून तराफ्यावरून पाण्यातून येथे आणल्या गेल्या. मासे धुरावणे, दोर वळणे, शिडे शिवणे ही कामे येथे प्रत्यक्ष करून दाखवली जातात.

वेस्टरस्ट्राट ते कूपोर्ट

वेस्टरस्ट्राट हा शहराचा मुख्य रस्ता. त्यावरील वेस्टरकेर्क हे चर्च पंधराव्या शतकात बांधले गेले. त्याच्या घंटांसाठी चर्चपासून वेगळा, लाकडी घंटाघर उभारलेला आहे. आत सोळाव्या शतकातील नक्षीदार लाकडी पडदाभिंत आहे.

रस्त्याच्या पश्चिम टोकाला १६४९ सालचा कूपोर्ट, म्हणजे 'गाईंचा दरवाजा', उभा आहे. येथून तटावर चढता येते. तोफांसाठी बांधलेल्या या मातीच्या तटावर आता झाडे आहेत. एका बाजूला खंदक आणि दुसऱ्या बाजूला बूरेनहूकची शेतघरे व कुरणे दिसतात. शहराने वाढीसाठी राखलेली आणि कधीच न भरलेली जागा किती मोठी होती, ते येथून स्पष्ट कळते.

परतीच्या वाटेवर स्थानकाजवळ स्नाउक फान लोसेन उद्यान आहे. एका श्रीमंत घराण्यातील शेवटच्या स्त्रीने ठेवलेल्या संपत्तीतून १८९७ साली येथे कामगारांसाठी बागेभोवती घरे बांधण्यात आली.

उल्लेखनीय व्यक्ती

वर निर्देशिलेल्या वाखेनार, पालुडानुस आणि लिन्सखोटेन यांच्याखेरीज चित्रकार पाउलुस पॉटर याचा जन्म १६२५ साली येथे झाला. गुराढोरांच्या चित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्याचे 'तरुण बैल' हे १६४७ सालचे भव्य चित्र हेग येथील माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. लिन्सखोटेनच्या नावाने १९०८ साली स्थापन झालेली 'लिन्सखोटेन-फेरेनिखिंग' ही संस्था जुनी डच प्रवासवर्णने संपादित करून प्रसिद्ध करते.

आजचे शहर

पर्यटन आणि शिडाच्या नौकांचा जलविहार यांबरोबरच भाजीपाल्याच्या बियाण्यांचे संशोधन व उत्पादन हा आजच्या एंकहाउझेनचा मोठा उद्योग आहे. १९३८ साली येथे सुरू झालेली एन्झा झाडेन ही कंपनी त्यांपैकी एक होय. शहर आणि आसपासचा परिसर या उद्योगामुळे जगभर परिचित आहे.

लेलिस्टाडकडे जाणाऱ्या बांधाच्या आरंभी २००३ साली 'नाव्हिडक्ट' ही रचना पूर्ण झाली. येथे जहाजे वरून जाणाऱ्या जलपाशातून आयसलमेर व मार्करमेर यांच्यात ये-जा करतात आणि मोटारी त्यांच्याखालून बोगद्यातून जातात. कंपनीच्या नावावरून 'कोम्पाग्नीसहाव्हेन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदरात आता विहारनौका नांगरलेल्या असतात. उन्हाळ्यात स्टाव्होरेनला जाणारी प्रवासी बोट आजही स्थानकाजवळच्या धक्क्यावरून सुटते.